एनएच 44 ची वही : उत्तर जमा, कर्नूलच्या खाली भोक

सहावी नोंद. श्रीनगर गाठलं.

नागपूरच्या झिरो माइलपासून मीटरवर 1,957 किमी, गुणक (मीटरची चूक काढणारा आकडा, खाली सांगते) लावून 1,912. आठ दिवस, सात मुक्काम, एक पंक्चर, तीन उलट्या (तिन्ही धाकट्याच्या, तिन्ही रामबनच्या आसपास). एनएच 44 चा उत्तरेकडचा तुकडा आता घरातल्या पाचही जणांच्या नावावर जमा आहे. दक्षिणेचा अजून तिघांच्याच नावावर आहे, आणि घरात सध्या भांडण त्यावरूनच चालू आहे.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. आम्ही नागपूरचे, म्हणजे या रस्त्याच्या पोटातच राहतो. श्रीनगर ते कन्याकुमारी हा देशातला सर्वात लांब राष्ट्रीय महामार्ग, साधारण 3,700 किमी. तो दोन हप्त्यांत, आपल्या गाडीने, सगळ्यांनी मिळून पुरा करायचा असं ठरवलं. आरंभ झिरो माइलच्या दगडापासून. तो भारताचा अचूक मध्य आहे की नाही या वादात मी पडत नाही, मोजायला एक दगड लागतो इतकंच. बाबा, म्हणजे माझे सासरे, बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या तोंडी हा रस्ता अजून ‘सात नंबर’च आहे. 2010 साली नवे क्रमांक आले तेव्हा जुना सात, सव्वीस, पंच्याहत्तर, तीन, दोन, एक आणि एक-ए यांचे तुकडे जोडून हा 44 बनला. लखनादौनच्या खाली जुना सात, म्हणून नागपूरकरांच्या तोंडी तोच राहिला.

किलोमीटरच्या हिशेबाची वही मोठीकडे, म्हणजे माझ्या थोरल्या लेकीकडे आहे. ती चौदा वर्षांची आहे आणि तिच्याइतका कडक हिशेबनीस मी बँकेत बावीस वर्षांत पाहिला नाही. प्रत्येकाचा रकाना वेगळा. गाडीची चाकं फिरत असताना तुम्ही गाडीत असलात तर किलोमीटर तुमचे, नसलात तर नाही. वाट वाकडी करून काही बघायला गेलो तर ते ‘फाटा’ या रकान्यात, मूळ बेरजेत नाही. पानिपतला काला आंबच्या स्मारकाला गेलो ते सगळं फाट्यात गेलं. बाबा तिथे बराच वेळ उभे होते. गाडीत बसताना म्हणाले, “1761 ला माणसं इथवर पायी आली, बैलगाड्या घेऊन, बायकापोरं घेऊन. त्यांचंही फाट्यातच लिहिशील का तू?” मोठीने पेन खाली ठेवलं, पण आकडा काही हलवला नाही.

आता मीटरबद्दल, कारण मागच्या नोंदीनंतर सर्वात जास्त विचारणा गुणकाचीच झाली.

गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. आमच्या टायरचा व्यास नवा असताना साधारण 62 सेंटीमीटर. नव्या टायरच्या खाचा आठेक मिलिमीटर खोल असतात, झिजून दोनवर आल्या की व्यास 12 मिलिमीटरने घटतो, म्हणजे जवळजवळ दोन टक्के. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त, आणि मीटर चढा बोलतो. उपाय सोपा आहे. हमरस्त्यावर, वळण-फाटा नसलेल्या पट्ट्यात, किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत 50 किमी चालवा आणि मीटर वाचा. आमचा 51.2 दाखवतो. पन्नास भागिले 51.2, म्हणजे 0.977. हा गुणक प्रत्येक मोठ्या फेरीआधी नव्याने काढा, मागच्या वर्षीचा वापरू नका. फोनवरचा जीपीएस ताळा म्हणून ठेवा, पण बोगद्यात तो आंधळा होतो आणि दोन्ही तोंडं सरळ रेघेने जोडून मोकळा होतो.

ललितपूरच्या अलीकडे पुढचा डावा टायर बसला. स्टेपनी अगदी कोरी, कधी जमिनीला न लागलेली. ती चढवून पंक्चरवाल्यापर्यंत 42 किमी गेलो. मोठीने विचारलं, “आई, एक चाक मोठं आणि एक लहान, मग गुणक तोच कसा?” प्रश्न बरोबर होता. रस्त्याच्या कडेला बसून हिशेब केला. फरक निघाला पाव किलोमीटर. नवऱ्याने हात जोडले. पाव किलोमीटर वहीत आहे.

पुराव्यासाठी फास्टॅगचं विवरणपत्र सोन्यासारखं आहे. नाका, तारीख, वेळ, सगळं आपोआप येतं. घरी पोचल्या पोचल्या उतरवून छापून घ्या. जम्मू-काश्मीरला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आपल्याकडचं प्रीपेड सिम वेशीवरचं लखनपूर ओलांडलं की मुकं होतं. पोस्टपेड चालतं. आमच्या पाच जणांत एकच पोस्टपेड निघालं, बाबांचं, आणि दोन दिवस घरात त्यांचा भाव वधारला होता.

रस्त्याबद्दल सांगायचं तर मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलाचा पट्टा मी डोळे मिटूनही ओळखेन. दोन्ही बाजूंना उंच आडोसे, गाडी वरून, जनावरं खालून. महाराष्ट्रातल्या भागात असे नऊ मार्ग आहेत, सर्वात लांब 750 मीटरचा. धाकट्याला वाटत होतं की खालून वाघ जाताना वरून दिसतो. आडोसे गाड्यांचा उजेड आणि आवाज जनावरांपर्यंत जाऊ नये म्हणून आहेत, वाघ दाखवायला नाहीत, हे समजल्यावर तो शिवनीपर्यंत बोलला नाही. सागर, झाशी, ग्वाल्हेर झपाट्याने झालं. आग्र्याला ज्या लॉजमध्ये आगाऊ पैसे भरले होते तिथे आमच्या खोल्यांत दुसरंच वऱ्हाड उतरलेलं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही. हरयाणात सकाळी धुरकट हवा होती, भातकापणी झालेली, दिवे लावून हळू चालवलं. जालंधरनंतर रस्ता पुन्हा आवडायला लागला.

खरी गंमत उधमपूरच्या पुढे. बाबा 1986 साली जम्मूहून बसने श्रीनगरला गेले होते. तेव्हापासून पटनीटॉपच्या थंडीच्या गोष्टी आम्ही ऐकत आलोय. चेनानी सोडल्यापासून त्यांनी मफलर काढून मांडीवर ठेवला होता. आम्ही बोगद्यात शिरलो, नऊ किलोमीटर आत चाललो, नाशरीला बाहेर आलो. पाचेक मिनिटांनी ते म्हणाले, “अजून पटनीटॉप कसं येऊन नाही राहिलं?” ते आमच्या डोक्यावरून निघून गेलं होतं. 2017 साली हा बोगदा उघडला आणि रस्ता तीस किलोमीटरने आखडला. पुढे बनिहाल-काझीगुंडच्या नव्या बोगद्याने जुना जवाहर बोगदाही वर राहिला. जुन्या फेऱ्यांचे आकडे घेऊन आपले आकडे तपासणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वीस वर्षांपूर्वी कुणी हीच दोन टोकं जोडली असतील तर त्याचे किलोमीटर आपल्यापेक्षा जास्तच भरणार, आणि त्यात त्याची काही लबाडी नाही. वळणरस्ते आणि बोगदे यांनी रस्ता दर काही वर्षांनी अंग चोरतो. म्हणून मी बेरजेशेजारी कुठून गेलो ते लिहिते. नुसती बेरीज खोटं बोलू शकते.

रामबनच्या अलीकडे पीडा म्हणून गाव आहे. नावावर जाऊ नका. राजमा-भात, वरून तूप, बाजूला डाळिंबाच्या दाण्यांची आंबट चटणी. धाकट्याने दोन ताटं घेतली. परिणाम सुरुवातीला दिलाच आहे.

आता वेगाविषयी, कारण घरच्यांसोबत रस्ते मोजून पुरे करायच्या या छंदात नव्याने आलेले पहिला प्रश्न तोच विचारतात. एका दिवसात किती मारले? आमचा घरचा विक्रम 648 किमी, मदुराई ते अनंतपूर, कन्याकुमारीहून परतताना. त्या रात्री मी ताटावर बसल्या बसल्या झोपले आणि दुसऱ्या दिवशी पोरं माझ्याशी बोलत नव्हती. त्यानंतर तो रकानाच वहीतून काढून टाकला.

कोलकात्याचे सलू आणि नीना चौधरी हे नवरा-बायको 1989 साली काँटेसा गाडी घेऊन दिल्लीहून निघाले, सहा खंड करून दिल्लीलाच परत आले. 9 सप्टेंबर ते 17 नोव्हेंबर, 69 दिवस 19 तास 5 मिनिटं, विषुववृत्ताइतकं म्हणजे 40,075 किमीहून जास्त अंतर. तेव्हाच्या नियमांनुसार तो जागतिक विक्रम होता. भागाकार केला की दिवसाला 574 किमी. सत्तर दिवस, रोज! काँटेसात!! मी टोपी काढते, पण माझ्या घरच्यांना घेऊन हे करणार नाही.

दुसऱ्या टोकाला अर्जेंटिनाचे झॅप. नवरा-बायको जानेवारी 2000 मध्ये ब्वेनोस आयर्सहून 1928 सालची ग्रॅहम-पेज घेऊन निघाले, लाकडी आऱ्यांची चाकं असलेली. अलास्कापर्यंत जाऊन यायचं होतं. घरी परतले मार्च 2022 मध्ये. 362,000 किमी, 102 देश, आणि वाटेतच चार मुलं झाली. भागाकार केला तर दिवसाला 45 किमी. आमच्याकडे एवढं तर शाळा, शिकवणी आणि भाजीबाजार मिळून होतं. मोठीला त्यांच्याबद्दल सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, “मग 362,000 आई-बाबांचेच ना? मुलांचे वेगळे काढावे लागतील. सगळ्यात धाकटा 2009 चा.” बरोबर आहे. वर्तमानपत्रं ‘कुटुंबाचा विक्रम’ म्हणून एकच आकडा छापतात. आमच्या वहीत ते चाललं नसतं.

या फेरीत आमची सरासरी 239 पडली. अंधार पडायच्या आत मुक्काम, दर दोन तासांनी थांबा, चालक दोन. पाच जणांत एक बहात्तर वर्षांचा आणि एक अकराचा असेल तर याच्यावर जाऊ नये असं माझं मत झालंय. तीनशेला पोचलं की गाडीत कुणीतरी रडतं, आणि ते दर वेळी धाकटंच असतं असं नाही.

आता शीर्षकातलं भोक. मागच्या वर्षी दक्षिणेला पाचही जण निघालो. बुटीबोरी, हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद, सगळं सुरळीत. आर्मूरच्या पुढे एका धाब्यावर बाबांनी भाजीवर “थोडा सांबार टाका” म्हटलं आणि पोराने वाटीभर सांबार आणून ओतलं. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हे त्याला कोण सांगणार. कर्नूलला बाबांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले विश्रांती. परत फिरायचंच ठरत होतं, तर बाबाच म्हणाले, “तू ने ना गाडी पुढे. तुला कोण अडवून राहिलं? पोरांची सुटी काऊन वाया घालवता?” नवरा त्यांना घेऊन काचीगुड्यामार्गे रेल्वेने नागपूरला गेला आणि मी दोन पोरं घेऊन कन्याकुमारीला.

तेव्हा मला सारखी बर्था बेंझ आठवत होती. ऑगस्ट 1888, नवऱ्याने बनवलेली तीनचाकी, नवऱ्याला न सांगता घेतलेली, सोबत पंधरा आणि तेरा वर्षांची दोन पोरं. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभरावर किलोमीटर, माहेरी. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास हाच, आणि तो कौटुंबिकच होता. इंधन संपलं तर वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तर टोपीची पिन घातली, चढावर पोरांनी गाडी ढकलली. थोपूरचा घाट उतरताना धाकट्याने विचारलं होतं की आपल्यालाही ढकलायला लागेल का. उताराला? असो.

तर कर्नूल ते कन्याकुमारी, गुणक लावून 1,041 किमी, बाबांच्या आणि नवऱ्याच्या रकान्यात नाहीत. श्रीनगरला दल सरोवराच्या काठी मोठीने बेरीज वाचून दाखवली. आम्हा तिघांची 3,676. त्या दोघांची 2,635. नवरा म्हणाला, घरातली गाडी एकच, रस्ता एकच, धरून टाक. मोठी नाही म्हणाली. मी मोठीच्या बाजूने आहे हे इथे लिहून ठेवते, घरी अजून उघड बोलले नाही.

बाबांनी एकच विचारलं. “कर्नूलपर्यंत मी रेल्वेने आलो तर चालून राहिलं का? तिथवरचे तर माझे जमा आहेत.”

मोठीने विचार करून होकार दिला. अट एकच, गाडीत ते ज्या पेट्रोल पंपावर उतरले होते तिथूनच बसायचं, चौकापासून नाही. त्या पंपाची पावती वहीत डकवलेली आहे. छापील शाई उडत चालली होती म्हणून तिने परवा त्यावरून बॉलपेन फिरवलं. नाताळच्या सुटीची तिकिटं बघतोय. टायर त्याआधी बदलायचे आहेत, म्हणजे गुणक पुन्हा काढायचा. बुटीबोरीच्या पुढे पन्नास किलोमीटरचे दगड कुणी अलीकडे सलग पाहिले असतील तर कळवा. नव्या कामात काही उखडलेत असं ऐकते.