क्लच जड झाला म्हणून मास्टर सिलेंडर बदलला अन् फसलो

गेल्या उन्हाळ्यात डावा गुडघा दुखायला लागला. नागपुरात मानेवाड्याहून सदरला ऑफिस, म्हणजे रोज मेडिकल चौक, बर्डी, झिरो माइल, आणि व्हरायटी चौकात तर एकाच सिग्नलला तीनदा पहिला गिअर टाका. गाडी जुनी डिझेल, सव्वा लाख किलोमीटर झालेली. बायकोने एक दिवस चालवली अन् उतरल्यावर म्हणाली, "अहो, हा क्लच आहे का हापसा?" तोवर मला वाटत होतं माझंच वय झालं.

ज्याला विचाराल तो एकच सांगते, "ऑइल बदलून घे, एअर काढून घे." मीपण काढून घेतली. जुनं ऑइल काळंशार निघालं, बदललं ते बरंच झालं कारण या क्लचमध्ये ब्रेक ऑइलच असते, ते हवेतलं पाणी ओढून घेते आणि मग आतून सिलेंडर गंजतो. पण पेडल होतं तितकंच जड. नंतर समजलं की सिस्टिममध्ये हवा असली तर पेडल उलट मऊ, फुसफुशीत लागते, जड नाही. म्हणजे मी ताप आलेल्या माणसाला सर्दीची गोळी देत होतो.

मग यूट्यूब. तिथे कोणीतरी सांगितलं मास्टर सिलेंडर छोट्या बोअरचा, म्हणजे आतून कमी व्यासाचा लावा. हे गणित मात्र खरं आहे, सांगतो. केबलवाल्या क्लचमध्ये तार ओढते, माझा हायड्रॉलिक म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, इथे पेडलने मास्टर सिलेंडरचा पिस्टन ढकलला जातो, ते ऑइल पाइपातून खाली गिअरबॉक्सजवळच्या दुसऱ्या सिलेंडरमध्ये, म्हणजे स्लेव्हमध्ये जाते आणि स्लेव्ह क्लच सोडवणाऱ्या दांड्याला, म्हणजे फोर्कला ढकलतो. मास्टरचा पिस्टन जितका लहान तितकं त्याच जोरात प्रेशर जास्त. माझा होता पाऊण इंची म्हणजे १९.०५ मिमी, मी लावला ५/८ इंची, १५.८७ मिमी. क्षेत्रफळ वर्गाने कमी होते, त्यामुळे पायाचा जोर साधारण ३० टक्के कमी झाला. काय मस्त वाटलं राजा! दोन दिवस मी बर्डीत मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो.

तिसऱ्या दिवशी महालात सासुरवाडीच्या गल्लीत रिव्हर्स टाकला अन् कर्रर्र. अख्खी गल्ली बाहेर. कारण सोपं आहे पण मी डोळेझाक केली होती, पिस्टन लहान म्हणजे तेवढंच पेडल दाबून ऑइलही ३० टक्के कमी जाते, स्लेव्ह तेवढाच कमी सरकतो, आणि क्लच पूर्ण सुटतच नाही. पेडल पार मॅटला टेकलं तरी प्लेट थोडी घासत राहते. आधी रिव्हर्स ओरडतो, कारण बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग नसते, मग हळूहळू बाकीचे गिअर. फुकटात काहीच भेटत नाही, जोर वाचवला तर अंतर गेलं.

शेवटी मानकापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "भाऊ, जड नेमकं कुठं आहे ते पाहिलं का कोणी?" नव्हतं पाहिलं. त्याने पेडल अन् मास्टर सिलेंडर जोडणाऱ्या दांड्याची, म्हणजे पुशरॉडची पिन काढली आणि पेडल नुसतं हाताने ढकललं, ते मधातच अडकून राहिलं. पेडल ज्यावर फिरते ते बुश कोरडे ठणठणीत! म्हणजे थोडा जोर तर तिथेच जात होता, हायड्रॉलिकचा काही संबंधच नाही. पाच मिनिटांची तपासणी, आणि मी दोन महिने इकडेतिकडे पळून राहिलो होतो.

बाकीचा जोर खाली होता. मिस्त्री म्हणाला स्लेव्ह सुटा असताना पेडलला पाय लावू नका, आणि त्याच्याच पोऱ्याने लावला, पिस्टन टपकन बाहेर अन् ऑइल फेंडरवर. लगेच पाण्याने धुतलं तरी रंगाला डाग पडला, ब्रेक ऑइल रंग खाते. असो. गिअरबॉक्स उतरवला तर फोर्क ज्या बॉलवर झुलतो तो कोरडा, फोर्क ज्याला पुढे ढकलतो त्या रिलीज बेअरिंगच्या नळीवर घासल्याच्या रेघा, आणि क्लच प्लेट झिजून जवळपास रिव्हेटपर्यंत आलेली. प्लेट झिजली की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलकडे सरकते, बेअरिंग ज्यांना दाबते त्या डायफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि त्यांना दाबायला जास्त ताकद लागते. केबलमध्ये निदान प्ले, म्हणजे पेडलचा सुरुवातीचा मोकळा भाग कमी होताना कळते, हायड्रॉलिक आपोआप अ‍ॅडजस्ट होत जाते, म्हणून आपल्याला फक्त पाय दुखताना समजते.

क्लच सेट नवा टाकला, बॉलवर अन् नळीवर उष्णता सहन करणारं ग्रीस, तेही बोटभर नाही, नखभर, नाहीतर उडून प्लेटवर जाते. मास्टर पुन्हा पाऊण इंची. त्याच्या सीलला साधं ग्रीस लावायचं नसते बरं का, रबर फुगते, ब्रेक ऑइलनेच ओलं करायचं. आता पेडल त्या छोट्या बोअरइतकंच हलकं लागते अन् रिव्हर्सही गुपचूप पडतो. पहिल्या दिवशी तर सवय नसल्याने घराच्या गेटमध्येच गाडी दोनदा बंद पाडली.

तो ५/८ इंची मास्टर सिलेंडर अजून टीव्हीखालच्या कपाटात पडून आहे, दुकानवाला म्हणते लावलेला माल परत घेत नाही.