पन्हाळा ते विशाळगड: घरच्यांबरोबर, चार टप्प्यांत

पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंतची वाट ५० किलोमीटरच्या आसपास भरते. तिथून विशाळगडाचा पायथा आणखी दहा-बारा किलोमीटर. सराव असलेली मंडळी दोन दिवसांत पावनखिंड गाठतात. पण बरोबर नऊ-दहा वर्षांचं पोर आणि साठीतली आजी असली की तेच दोन दिवस शिक्षा होऊन बसतात. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज ज्या वाटेने सिद्दी जौहरचा वेढा फोडून निघाले, ती वाट कुणी शिक्षेसारखी चालू नये. तिचे चार टप्पे करा, चार वेगवेगळ्या सुट्ट्यांत चाला. एका दमात केली नाही म्हणून कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही.

टप्पे पाडताना नकाशावर पट्टी ठेवून सारखे तुकडे करू नका. जिथे गाडी पोचते तिथे वाट तोडायची. ही वाट डोंगराच्या दांडावरून पश्चिमेला जाते. दक्षिणेच्या अंगाला कासारीचं खोरं आणि बाजारभोगावचा रस्ता आहे, उत्तरेला कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गावरचं बांबवडे आणि मलकापूर. मधल्या बऱ्याच वाड्यांपर्यंत आता गाडीरस्ते आलेत, पण पावसात त्यातला कुठला चालू आहे हे त्या आठवड्यातच कळतं. ज्या घरी उतरणार त्यांना आदल्या दिवशी फोन करा आणि 'गाडी कुठवर येतीय?' हे आधी विचारा. जेवणाचं नंतर.

गाडीचा हिशोब बहुतेकांचा इथेच चुकतो. वाट एकाच दिशेची, त्यामुळे लोक गाडी सुरुवातीला लावतात आणि संध्याकाळी वडापची (शेअर जीपची) वाट बघत भिजक्या पोरांना घेऊन फाट्यावर उभे राहतात. उलट करा. सकाळी गाडी शेवटच्या वाडीत लावा आणि तिथून आधी ठरवून ठेवलेल्या जीपने सुरुवातीला या. पैसे तेवढेच जातात, पण चालणं संपतं तिथे कोरडे कपडे, टॉवेल आणि गरम चहाचा थर्मास हाताशी असतो.

पहिला टप्पा पन्हाळा ते खोतवाडी. राजदिंडी या दरवाजाच्या वाटेने गड उतरायचा, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाई पठारावर चढायचं आणि पलीकडे कुंभारवाडीवरून खोतवाडीला यायचं. पठार दिसायला सोपं, पण धुक्यात फसवं. गुरांच्या वाटा सगळीकडे पसरलेल्या असतात आणि सगळ्या सारख्याच वाटतात. मसाई देवीचं देऊळ हीच खूण धरा. देवळापाशी असताना धुकं दाटलं आणि पुढची वाट नक्की नसली, तर धुकं विरळ होईपर्यंत देवळातच बसा. कडेला जाऊन खाली डोकावू नका, कडा एकदम तुटलेला आहे. वारा इतका असतो की छत्री पाच मिनिटांत उलटी होते. प्लॅस्टिकची खोळ किंवा कमरेला बांधता येईल असा रेनकोट बरा. सप्टेंबरात पठारावर फुलं असतात. चढ फार नसल्यामुळे लहान मुलांची सुरुवात याच टप्प्याने करावी.

दुसरा टप्पा खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी. अंतर कमी, वाड्या जवळ जवळ, अर्ध्या दिवसात होतो. त्रास एकच, चिखल. पावसाळ्यात वाट भातखाचरांच्या बांधांवरून जाते. नुकतीच रोपलागण झालेली असते. पोरांना आधीच सांगून ठेवा: बांधाच्या मधोमध, एकामागे एक चालायचं. बांधाची कड पायाखाली ढासळली की खाचरातलं पाणी खालच्या खाचरात उतरतं, आणि रोपं लावणाऱ्या माणसाची दिवसभराची मेहनत वाया जाते.

चिखलात बूट का अडकतो तेही त्यांना दाखवा. टाच आधी टेकवून जोर दिला की बूट खोल रुततो आणि चिखल त्याला धरून ठेवतो. मग पाय वर ओढताना पाय येतो आणि बूट तिथेच राहतो. पाऊल सपाट टाकायचं, शक्यतो गवताच्या बुंध्यावर, आणि उचलताना टाच आधी सोडवायची. नाडी घोट्याजवळ दुहेरी गाठीने आवळायची. तळ गुळगुळीत झालेले जुने शाळेचे बूट इथे चालत नाहीत. खोल दातऱ्यांचा रबरी तळ हवा. नवे बूट घ्यायचे तर किमान दोन आठवडे आधी घ्या आणि रोज घालून फिरा.

तिसरा टप्पा या वाटेतला सगळ्यात अवघड. आंबेवाडीहून रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी आणि मग जंगलातून सुकाम्याचा धनगरवाडा, म्हसवडे. वाड्यांमधलं अंतर वाढतं, झाडी दाटते, ओढे वाढतात. घरच्यांना घेऊन हा टप्पा भर जुलैत करू नये असं माझं ठाम मत आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत करा. तेव्हा ओढे उतरलेले असतात, झऱ्यांना पाणी असतं आणि वाट दिसते. मार्चनंतर पाणी आटतं, ऊनही सोसत नाही.

वेग आधी मोजून घ्या. सपाटीवर तासाला चार किलोमीटर चालणारं पोर जंगलात, ओल्या वाटेवर दोन किलोमीटरच चालतं. विश्रांती आणि खाणं धरून दहा किलोमीटरला सहा तास लागतात. झाडीत पावसाळी दिवशी सहालाच अंधारून येतं. म्हणून सातच्या आत निघा, आणि दुपारी बारापर्यंत निम्म्याच्या पुढे गेला नसाल तर जवळच्या वाडीत उतरा. प्रत्येकाच्या डोक्याला बॅटरी हवी, मोबाइलचा दिवा त्यात धरू नका.

रस्ता विचारताना 'ही वाट पावनखिंडीला जाते का?' असं विचारू नका. 'व्हय, जाती की' असंच उत्तर येतं, आणि ते खरंही असतं, कारण सगळ्याच वाटा कधी ना कधी तिकडे पोचतात. पुढच्या वाडीचं नाव घ्या आणि 'पाटेवाडीला कुठनं?' असं मोकळं विचारा. मग माणूस हात करून दाखवतो, ओढे किती लागतात तेही सांगतो. दगडांवरचे रंगाचे बाण मदतीला आहेत, पण पावसाने पुसट होतात. वाटेचा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, तिथे रेंजचा भरवसा नाही. अर्धा तास एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. 'पुढे मिळेल' म्हणणारेच रात्रभर जंगलात राहतात.

ओढ्याचा नियम कडक पाळा. पाणी गढूळ आहे, तळ दिसत नाही किंवा मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागतंय, तर मुलांना घेऊन ओलांडायचं नाही. छोटे ओढे जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर उतरतात. पाऊस थांबल्यावर तास-दोन तास थांबलं की बहुधा वाट मिळते. दोरी अंगाला बांधून पाण्यात उतरू नका. पाय घसरला तर तीच दोरी माणसाला पाण्याखाली दाबून धरते. ओढ्यातल्या काळ्या दगडावर पाय देण्यापेक्षा दोन दगडांच्या मधल्या वाळूत द्या. जांभा दगड खडबडीत असल्याने कोरडा असताना बूट घट्ट धरतो, पण त्यावर हिरवी चकाकी दिसली की तोही साबण.

या पट्ट्यात गवे आहेत. दिसले तर थांबा, मुलांना मागे घ्या, आवाज न करता त्यांना वाट सोडा. फोटोसाठी पुढे जाणं जिवावर बेततं. कारवीच्या फांदीला न बघता हात घालू नका, हिरवा चापडा हा विषारी साप पानांत दिसत नाही. जळू लागली तर ओढून काढू नका. तिचं तोंड नखाने कातडीपासून बाजूला सरकवा, जागा धुवा आणि दाबून धरा.

प्रत्येकी दीड लिटर पाणी घ्या आणि तासाला ठरवून प्या. पावसात तहान लागत नाही आणि दुपारनंतर डोकं दुखायला लागतं, पोरांची चिडचिड तिथूनच सुरू होते. खाचरातलं पाणी पिऊ नका, त्यात खत आणि शेण असतं. खायला चपाती-शेंगदाण्याची चटणी, भडंग, गूळ-शेंगदाणे. भडंग छोट्या पिशव्यांत विभागून द्या, मोठी पिशवी उघडली की पहिल्याच पावसात मऊ पडते. मांड्या आणि टाचा घासतात तिथे सकाळीच खोबरेल तेल लावा. सोललं गेल्यावर लावून उपयोग नसतो.

चौथा टप्पा म्हसवडे, पांढरपाणी, पावनखिंड आणि गजापूरवरून विशाळगड. चालणं मध्यम, काही भाग डांबरी रस्त्यानेच. पावनखिंडीत उतरायला लोखंडी शिडी आणि कठडे आहेत. ओल्या शिडीवर मुलांनी तोंड शिडीकडे करून उतरावं, खाली एक मोठा माणूस आधी पोचलेला असावा. १२-१३ जुलैच्या आसपास इथे हजारोंची गर्दी होते आणि चिखलही दुप्पट. मुलांना ही जागा शांतपणे दाखवायची तर तो आठवडा टाळा. खिंडीत उभं राहून दोन्ही बाजूंचे उभे कातळ आणि मधली अरुंद वाट बघितली की थोडक्या मावळ्यांनिशी बाजीप्रभूंनी इथे फौज कशी अडवून धरली, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. महाराजांपुढे विशाळगडाच्या पायथ्याशी सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचाही वेढा होता, ते मात्र आवर्जून सांगा. ते सहसा सुटतं.

विशाळगडावर कधी कधी जमावबंदी असते. निघण्याआधी शाहूवाडी पोलीस ठाण्यात चौकशी करा. गडावर बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभू यांच्या समाध्या आहेत. तिथवरची वाट पावसात निसरडी असते, म्हणून आजीच्या हातात काठी द्या आणि उतरताना तिला मध्ये ठेवा.