होबोकनचे मोकळे कोपरे आणि आपलं नाशिक

मी राहते ते होबोकन म्हटलं की नाशिकची मंडळी विचारतात, म्हणजे न्यूयॉर्कच ना? तसं नाही हो. हडसन नदीच्या पलीकडे न्यूयॉर्क, अलीकडे न्यू जर्सी, आणि त्या न्यू जर्सीत नदीला चिकटून हे एवढंसं गाव. वस्ती साधारण ६०,०००, जमीन जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर, आपल्या सिडकोत टाकलं तर सापडायचं नाही. जागा कमी, माणसं भरपूर, पार्किंगची मारामार, त्यात दारोदार डिलिव्हरीचे ट्रक, म्हणजे अपघात व्हायला लागतं ते सगळं हजर. आणि तरी जानेवारी २०१७ नंतर सलग आठ वर्षं या गावाच्या रस्त्यांवर अपघातात एकही माणूस गेला नाही. चालणारा नाही, सायकलवाला नाही, गाडीतला पण नाही.

हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबांचा अंदाज होता की भरपूर कॅमेरे लावले असतील नाहीतर जबर दंड असेल. दंड आहेच, पण खरं काम झालंय ते कोपऱ्यांवर. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर गाडी उभीच करू द्यायची नाही, बस्स. न्यू जर्सीचा नियम आहे की झेब्रा क्रॉसिंगपासून २५ फुटांच्या आत पार्किंग नाही, म्हणजे साधारण साडेसात मीटर. आता नियम काय, कागदावर सगळीकडेच असतात, आपल्याकडेही चौकाजवळ, फूटपाथवर, झेब्रावर गाडी लावायला बंदीच आहे. इथे फरक एवढाच की गावाने ती जागा नुसती पिवळ्या पट्ट्याने रंगवून सोडली नाही, तर भरून टाकली. कुठे प्लॅस्टिकचे लवचिक खांब रोवले, कुठे सायकल स्टँड ठोकला, कुठे फूटपाथच रस्त्यात पुढे काढला, आणि काही ठिकाणी तर पावसाचं पाणी मुरायला झाडंझुडपं लावून छोटे खड्डे केलेत कारण हे गाव सखल आहे आणि पावसात तुंबतं. म्हणजे एका कोपऱ्यात दोन कामं. आणि खांब काय फार महाग नसतात, रस्ता नव्याने डांबरी करायला घेतला की त्याच वेळी कोपरेही करून टाकायचे अशी इथली पद्धत.

कोपरा मोकळा असला की काय होतं, तर दिसतं. एवढंच. ताशी ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते आणि ३० च्या वेगात आठ-साडेआठ मीटर. ड्रायव्हरला माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण हा सेकंद जातोच. कोपऱ्यावर एखादी मोठी गाडी उभी असेल तर तिच्या आडून निघणारं पोरगं ड्रायव्हरला दिसतं तेव्हा तो सेकंद उरलेलाच नसतो, मग तुम्ही ड्रायव्हरला कितीही शिव्या द्या.

आता डोळे मिटून नाशिकचा कुठलाही कोपरा आठवा. कॉलेज रोडवरून आत कॉलनीत वळतो तो घ्या, नाहीतर शरणपूर रोडचा, इंदिरानगरचा, कुठलाही. कोपऱ्यावर रिक्षा, रिक्षाच्या मागे पाणीपुरीची गाडी, पाणीपुरी खाणाऱ्यांच्या आडव्यातिडव्या अ‍ॅक्टिव्हा, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे खांबाला बांधलेला वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर गॉगल घातलेले भाऊ आणि खाली पंचवीस शुभेच्छुक. बरोब्बर डोळ्यांच्या उंचीवर. दुभाजकातली कण्हेर इतकी वाढलेली असते की पलीकडून यू-टर्न घेणारी गाडी शेवटच्या क्षणाला दिसते. आपण याला ट्रॅफिकची शिस्त नाही वगैरे म्हणतो पण मला आता वाटतं की शिस्तीचा मुद्दा नंतरचा, आधी माणसाला समोरचं दिसू तर द्या.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. ती नाशिकमध्ये रस्ता ओलांडते त्याच पद्धतीने इथे ओलांडायला लागली, म्हणजे हात पुढे करून, ट्रॅफिक पोलिसासारखा, आणि मान अजिबात न वळवता. इथे २०१० पासून कायदा आहे की झेब्रावर माणूस असेल तर गाडीने नुसतं सावकाश जायचं नाही तर थांबायचं, त्यामुळे गाड्या थांबायच्या आणि आई प्रत्येक ड्रायव्हरला मान लववून नमस्कार करायची. मी म्हटलं अगं त्याने उपकार नाही केले. तर म्हणे थांबला ना बिचारा, मग. दोन आठवड्यांनी नमस्कार बंद झाला आणि ती एकटी किराणा आणायला जायला लागली, हे मला फार मोठं वाटलं, कारण नाशिकला गंगापूर रोडच्या पलीकडचं मेडिकल तिने कधीच सोडून दिलंय, अलीकडे मिळेल तेच औषध घेते.

कोपऱ्यांशिवायही काही केलंय. २०२२ मध्ये गावभर वेगमर्यादा ताशी २० मैल केली, आपल्या हिशोबात ३२ किलोमीटर. बऱ्याच सिग्नलला चालणाऱ्यांचा दिवा गाड्यांच्या हिरव्याआधी काही सेकंद लागतो, त्यामुळे वळणारी गाडी निघेपर्यंत माणूस रस्त्याच्या मध्यावर आलेला असतो आणि ठळक दिसतो. आपल्याकडच्या फ्री लेफ्टवर हे अगदी फिट बसेल असं वाटतं, कारण मेहेर सिग्नलला काय, सीबीएसला काय, चालणाऱ्याला खरी भीती समोरून येणाऱ्याची नसते, डावीकडे वळणाऱ्याची असते, त्याला कधी थांबायचंच नसतं.

तेव्हाच्या महापौरांचं नाव ऐकून नाशिककरांना गंमत वाटेल, रवी भल्ला, पगडीवाले सरदारजी, २०१८ च्या जानेवारीत पदावर आले आणि २०१९ मध्ये व्हिजन झिरोचं धोरण त्यांनी जाहीर केलं. ती कल्पना मूळ स्वीडनची, १९९७ ची, की रस्त्यावर एकही मृत्यू चालवून घ्यायचा नाही, माणूस चुकणारच हे धरून रस्ता असा बांधायचा की चुकीची शिक्षा मरण नसेल. पण सगळं श्रेय त्यांना देऊ नका, कोपरे मोकळे करायचं काम आधीच्या महापौर बाईंच्या काळापासून चालू होतं.

आणि हे गाव काही स्वर्ग नाही बरं का. लोक जखमी होतात अजूनही. संध्याकाळी जेवण पोचवणारी मुलं ई-बाईक घेऊन फूटपाथवरून सुसाट जातात, वॉशिंग्टन स्ट्रीटवर लोक डबल पार्किंग करून कॉफी आणायला जातात आणि सायकलवाल्याला बाहेरून वळसा घालून गाड्यांत घुसावं लागतं. आणि पार्किंग गेलं म्हणून भांडणं तर इतकी की आपली सोसायटीची मीटिंग बरी.

सायकलचं म्हणाल तर आपण नाशिककर त्यात कुणाला ऐकत नाही. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, दोघेही नाशिकचे डॉक्टर. नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते. म्हणजे पॅडल मारायची हौस आहे, दम आहे, पण तीच माणसं पहाटे पाचला निघतात कारण नऊनंतर त्याच रस्त्यावर सायकल म्हणजे जीव मुठीत. दहावीतल्या मुलीला क्लासला सायकलवर पाठवायची कुणाची तयारी नाही, मग तिला स्कूटी, लायसन्स असो नसो. त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ हा स्मार्ट रोड झाला, १.१ किलोमीटर, फूटपाथ आणि सायकल ट्रॅकसकट, पण मी नाशिकला आले तेव्हा ट्रॅकवर सायकलींपेक्षा उभ्या दुचाक्याच जास्त होत्या. द्वारका चौकातला भुयारी मार्ग तर नाशिककरांना माहितीच आहे, चालणाऱ्याला जिने उतरवून जमिनीखाली पाठवायचं आणि वर गाड्या मोकळ्या, मग माणसं वरूनच जाणार, गुडघे दुखतात लोकांचे.

२०२२ मध्ये देशात रस्ता अपघातात १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालायला मोकळे फूटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे, जगण्याच्या हक्काचाच भाग. फूटपाथचं मानक पण आहे आपल्याकडे, इंडियन रोड्स काँग्रेसचं, किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या आत. आमच्या कॉलनीबाहेरचा फूटपाथ इतका उंच आहे की आई त्यावर चढतच नाही, खालून गटाराच्या कडेने चालते.

आता २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आहे आणि त्यासाठी रस्ते खोदणं-बांधणं चालूच आहे. कुंभात लाखो माणसं पायी रामकुंडाकडे जाणार, गाड्या गावाबाहेर अडवणार, म्हणजे बारा वर्षांतून एकदा का होईना आपलं गाव चालणाऱ्यांचा हिशोब मांडतं. मग उकरलेला रस्ता पुन्हा करतानाच कोपरे का नको करून टाकायला? सगळं नाशिक नको, अडीचशे चौरस किलोमीटरच्या वरचा पसारा आहे. एक शाळा घ्या, तिच्या आजूबाजूचे कोपरे घ्या. पाणीपुरीवाल्याला हाकलायचं नाही, त्याला आठ मीटर आत सरकवायचं, गिऱ्हाईक तिथेही येईल. त्या कोपऱ्यावर सायकली लागू द्या, फार तर दुचाक्या, त्यांच्यावरून नजर जाते. चारचाकी नको. आणि फ्लेक्स तर कुठेच नको पण निदान डोळ्यांसमोर तरी नको.

हे मी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तेव्हा कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकांनी पाच मिनिटांत विचारलं, मग माझी गाडी मी कुठे लावायची? त्यांच्या आवारात दोन गाड्यांची जागा आहे. तिथे सध्या झोपाळा आहे.