आमची वाटचाल : सूची, पुरवणी आणि एक टवका

गोमंतकीय गायक-गायिकांच्या ग्रामोफोन तबकड्यांची सूची आमचा छापखाना काढतो. महिन्यातून दोन-चार गिऱ्हाइकं तरी काउंटरवर विचारतात, "बाब, सूचीची जुनी प्रत आहे माझ्याकडे. नवी घेऊ?" मी विचारतो, जुनी म्हणजे कुठली? पहिली असेल तर तिसरी घ्या. दुसरी असेल तर घेऊ नका, पुरवणी न्या. तिसरी असेल तर चहा घ्या आणि घरी जा. मुलगा मागून डोळे वटारतो. त्याच्या मते हातात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा म्हापशात मी एकटाच. असेन. पण हे धोरण कसं ठरलं ते त्याला नीट ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते कुठे बोलत नाहीत, म्हणून लिहितो.

छापखाना वडिलांनी घातला, गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी. एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, कागद कापायचं एक हातयंत्र, आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसी, म्हणजे खणांच्या पेट्या. कामं ठरलेली: लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, देवस्थानांच्या पावत्या. सूचीचं खूळ आमच्या डोक्यात फोंडा महालातल्या एका मास्तरांनी भरलं. शाळेत गणित शिकवायचे, आणि घरी लाकडी ट्रंकांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या उभ्या लावून ठेवलेल्या. (उभ्याच ठेवायच्या. आडव्या थप्पीत खालच्या तबकड्या वाकतात नि तडकतात.) गोमंतकीय गायक-गायिकांच्या तबकड्यांची यादी त्यांनी वहीत केली होती. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मास्टर दीनानाथ, ज्योत्स्नाबाई भोळे, आणि आज कुणाला आठवत नाहीत असे कितीतरी. एका शुक्रवारी बाजाराला आले ते वही घेऊनच. "हें छापपाचें," म्हणाले, आणि नारळ आणायला गेले. किती प्रती, पैसे कोण घालणार, काही नाही.

पहिली आवृत्ती ऐंशीच्या दशकातली, खिळ्यांवरची. ज्यांनी खिळे जुळवलेत त्यांनाच कळेल सूची छापणं काय असतं. कादंबरीत आकडे लागतात किती? सूचीत ओळीओळीला आकडे. कंपनीचा क्रमांक, पान, साल. त्यात क्रमांकाआधीचं अक्षर रोमन, म्हणजे कंपोझिटरचा एक हात देवनागरी केसीत नि दुसरा रोमनमध्ये. चार पानं जुळवली की शून्य नि एकचे खिळे संपायचे. मग तेवढंच छापायचं, खिळे सोडवून परत घरात टाकायचे आणि पुढची चार पानं. आमचा कंपोझिटर शिव्या देत जुळवायचा, पण प्रूफात आकडा चुकलेला मला आठवत नाही. आज संगणकावर बटण दाबून टाईप करणाऱ्याला तीन नि आठमधला फरक दिसत नाही.

त्या आवृत्तीत लेबलावर होतं तेवढंच घेतलं होतं: कंपनी, क्रमांक, दोन्ही बाजूंची पदं, राग. हिशेबाने ती अपुरीच, कारण लेबल खोटं बोलतं. कंपनी एकच ध्वनिमुद्रण काही वर्षांनी वेगळ्या क्रमांकाने परत बाजारात आणायची. लेबल वाचणाऱ्याला वाटतं दोन तबकड्या, गाणं मात्र एकच. खरं काय ते लेबलाच्या बाहेरच्या गुळगुळीत पट्टीवर दाबलेल्या बारीक आकड्यात असतं, त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. तो मूळ साच्याचा क्रमांक. लेबलं वेगळी असून मॅट्रिक्स तोच आला तर ध्वनिमुद्रण तेच. पद तेच असून मॅट्रिक्स वेगळा असला तर बाई परत गायल्या आहेत, ती तबकडी हुडकायलाच हवी.

दुसऱ्या आवृत्तीसाठी मास्तर नि मी हे आकडे वाचत बसलो. मागच्या खोलीचं दार लावायचं, तबकडी गुडघ्यावरच्या पंच्यावर, एका हातात भिंग. बॅटरी मी धरायची, तीही अगदी तिरकी, कडेकडून. वरून उजेड पडला तर काळ्यात काळं, काही दिसत नाही. तिरका उजेड पडला की आकड्याच्या कडांना सावली येते आणि तो उठून दिसतो. माझा हात जरा हलला की मास्तर वर न बघता म्हणायचे, "थंय न्हय रे, हांगा." तिथे नव्हे, इथे. शाळेतला सूर काही सुटला नव्हता.

तेव्हा ऑफसेट, म्हणजे खिळ्यांशिवायची छपाई, आलं होतं, आकड्यांचा तुटवडा संपला. डेमी आकार, मॅपलिथो कागद, फर्म्यांची, म्हणजे छापून घडी घातलेल्या तावांची, दोऱ्याने शिलाई. परफेक्ट बाइंडिंग स्वस्त पडतं म्हणून बाइंडरने गळ घातली होती. संदर्भग्रंथाला गोंदाचं बाइंडिंग करू नये. ते पुस्तक रोज मधोमध उघडलं जातं, दुसऱ्या पावसाळ्यात पानं हातात येतात.

दुसरी आवृत्ती चांगली गेली. म्हणून पुनर्मुद्रणाला उधारीवर कागद उचलला, आणि इथे आमचे शेजारी प्रवेश करतात. नाव घेत नाही. आमच्याच ट्रेडलवर बिलबुकं छापून घेत मोठे झालेले गृहस्थ, पुढे प्रकाशक झाले. नोव्हेंबरात पणजीला कला अकादमीत सुरश्री केसरबाई केरकर समारोह असतो, गावोगावचे रसिक जमतात. नेमक्या त्या दिवसांत त्यांची सूची बाजारात आली. आर्ट पेपर, रंगीत वेष्टण, आणि वर पट्टी: सुधारित व संवर्धित. कशाची सुधारित? त्यांची पहिलीच होती ती!

मी एक प्रत विकत आणली आणि रात्री मास्तरांच्या घरी आम्ही ती उघडली. क्रम आमचा, नोंदी आमच्या. तेही एक वेळ चालेल. तबकड्या काही आमच्या बापाच्या नव्हेत, दुसराही त्याच बघू शकतो. पण एका नाट्यपदाच्या तबकडीखाली मास्तरांनी टीप घातली होती, की पाहिलेल्या प्रतीला कडेला नखाएवढा टवका उडालेला आहे, त्यामुळे सुरुवातीचे फेरे वाजत नाहीत. ती टीप शब्द न बदलता तिथे हजर. तो टवका ज्या तबकडीला होता ती मास्तरांच्या माजघरातल्या ट्रंकेत होती, आणि त्या गृहस्थांनी मास्तरांचा उंबरठा कधी ओलांडलेला नव्हता. मास्तरांनी ट्रंक उघडली, तबकडी काढली, टवक्यावर अंगठा फिरवला आणि परत ठेवली. एवढंच म्हणाले, "जेवून जा."

ओळखीचे वकील म्हणाले, माहितीवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो. असतो तो शब्दांवर आणि निवड-मांडणीत काही स्वतःची बुद्धी असेल तर तिच्यावर. टवक्याचं वाक्य तुमचं, पण एका वाक्यासाठी किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणार? पायऱ्या चढायला पैसे तरी कुठे होते. ग्रंथालयांच्या एका मोठ्या खरेदीत आमचं नाव पक्कं धरलं होतं, ते ऐनवेळी गळलं. कारण काय, तर शेजाऱ्यांची अधिक अद्ययावत आहे. पुण्याच्या वितरकाने गठ्ठे न सोडताच परत पाठवले. त्यात पुनर्मुद्रणाचे छापलेले फर्मे गुदामात पडून, बाइंडिंगला द्यायला पैसे नाहीत, आणि जून लागला. गोव्याचा पावसाळा न शिवलेल्या कागदाला काय करतो ते आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको. कडा लाटा आल्यासारख्या झाल्या, खालच्या थरांना बुरशी, भिंतीकडच्या गठ्ठ्यांत वाळवीने रस्ता काढलेला. गणपतीआधी कागदवाल्याचा माणूस दारात येऊन बसायला लागला. वडिलांची ट्रेडल भंगारवाल्याला वजनावर दिली. तिचं चाक उतरवताना मी बाहेर उभा होतो, आत गेलो नाही.

इकडे शेजाऱ्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या. दर वर्षी नवं वेष्टण, नव्या मान्यवरांची प्रस्तावना, तीच पट्टी. एका वर्षी काय नवीन, तर व्हॉयेजर. पूर्ण पान, अवकाशयानाचं चित्र. केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली ही गोष्ट खरीच अभिमानाची. दोन्ही यानं त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. पण आमच्या पहिल्या आवृत्तीत ती एका ओळीत आहे, जिथे असायला हवी तिथे, त्या ध्वनिमुद्रणाच्या नोंदीखाली. तेवढ्या एका पानासाठी लोकांनी अख्खं पुस्तक पुन्हा घेतलं. घेणाऱ्यांना दोष देत नाही. ज्या गायिकेने मुळात फार थोडं ध्वनिमुद्रित होऊ दिलं, तिच्याबद्दल नवं काही छापलंय म्हटल्यावर चाहत्याचा हात खिशाकडे जातोच. याच गोष्टीचा धंदा करायचा नसतो.

पुरवणीची कल्पना मास्तरांची. आमची तिसरी आवृत्ती जुळत आली होती. एकाच ध्वनिमुद्रणाच्या पुष्कळशा जोडनोंदी मॅट्रिक्स ताडून एक केल्या होत्या, त्यामुळे नोंदींची संख्या दुसरीपेक्षा कमी भरत होती. मी म्हटलं, मास्तर, पहिली प्रत तुमची. आजवर त्यांनी एकही प्रत फुकट घेतली नव्हती, दर वेळी रोख मोजून पावती मागायचे. या वेळी पिशवीतून स्वतःची दुसरी आवृत्ती काढली. पानोपानी पेन्सिलीने खोडलेलं, समासात बारीक आकडे. म्हणाले, "माझ्याकडे पुस्तक आहे. ते परत कशाला विकतोस? बदललं तेवढं दे."

तेवढंच दिलं. सोळा पानांचा एक फर्मा, मधोमध दोन पिना, कागद-छपाईच्या खर्चात. कुठल्या पानावरची कुठली नोंद खोडायची, कुठली कुठे जोडायची, कुठला आकडा बदलायचा, बस. दुसरी आवृत्ती घेतलेल्यांपैकी ज्यांचे पत्ते वहीत होते त्यांना कार्डं टाकली. सावंतवाडीहून, बेळगावहून, गिरगावातून मनिऑर्डरी आल्या, आणि मनिऑर्डरीच्या कुपनांवर मजकूर: आमच्याकडे अमुक तबकडी आहे, तिच्यावर तमुक आकडा आहे, तुमच्या सूचीत तो नाही. घरबसल्या माहिती यायला लागली. ज्यांच्याकडे एकही आवृत्ती नव्हती ते मग तिसरी मागायला लागले. कागदवाल्याची उधारी फिटली. पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पत्रिका, बिलबुकं, सूची, पुरवणी.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. कुठल्याही गवयाच्या संदर्भग्रंथाची नवी आवृत्ती हातात आली की वेष्टण वाचू नका. आतलं छपाईचं पान काढा आणि आपल्या जुन्या प्रतीशी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ताडा. मजकूर खरोखर बदलून नवी आवृत्ती काढली तर नवा आयएसबीएन घ्यायचा असतो. नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच चालतो. वर 'सुधारित' लिहून आत आकडा जुनाच असेल तर पैसे खिशात ठेवा. नवा असेल तरी लगेच हुरळू नका, शेवटची शब्दसूची उघडा. तुम्हाला पाठ असलेल्या दोन तबकड्या तिथे शोधा. जुन्या आवृत्तीत खटकलेली गोष्ट नवीत तशीच असेल तर संपादकाने पुस्तक उघडलेलंच नाही. आणि 'पाचशे नवीन नोंदी' अशी जाहिरात दिसली तर जरा संशय घ्या. सूची नीट सुधारली की काही ठिकाणी आखूडही होते, आमची झाली. प्रस्तावनेत काय बदललं ते स्पष्ट लिहिलं नसेल तर काही बदललेलं नाही असं धरून चाला.

पुस्तक काचेच्या कपाटात गच्च बंद करून ठेवू नका, आपल्याकडची हवा आत कोंडते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडतो नि अक्षरं खातो. आणि तबकड्या स्पिरिटने पुसणाऱ्यांना काय म्हणावं? ती लाख आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ओल्या मऊ फडक्याने चरांच्या दिशेने पुसा, लेबल भिजू देऊ नका.

शेजाऱ्यांची सूचीही आमच्या काउंटरवर मिळते. मागितली तर काढून देतो, टवक्याचं पान तेवढं आधी दाखवतो.

मास्तर गेले. त्यांच्या ट्रंका मुलीकडे मडगावला आहेत, ताई मोठ्या मनाची, रविवारी आम्हाला दार उघडं ठेवते. चौथी आवृत्ती तिथल्या सगळ्या तबकड्यांचे मॅट्रिक्स पुन्हा डोळ्यांखालून घातल्याशिवाय निघणार नाही. बॅटरी आता मुलगा धरतो, हात हलवतो. तोवर दुसरीवाल्यांनी पुरवणी न्यावी. पोस्टाने हवी असेल तर टपालखर्च वेगळा पाठवा आणि पिनकोड वाचता येईल असा लिहा. मागच्या खेपेला बरीच पाकिटं परत आली, त्यांचा भुर्दंड आम्हीच भरला.