कॅशलेसच्या यादीत मॅडमचं नाव चढवताना

छोट्या हॉस्पिटलवाल्यांना एम्पॅनलमेंट, म्हणजे आरोग्य विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत येणं, म्हटलं की दरपत्रकाचीच धास्ती असते. सिझेरियनचं पॅकेज किती, खोलीभाडं किती कापणार, वगैरे. आमच्याकडे ते फोनवरच मिटलं. तपासणीला आलेला माणूस ओटी, लेबर रूम आणि फायर एक्स्टिंग्विशरचे फोटो काढून, चहा पिऊन गेला. फाइल अडकली ती आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमच्या नावावर. आणि अशी अडकली की त्या विमा कंपनीचं पोर्टल उघडायचं म्हटलं तरी अजून माझं डोकं फिरतं.

मॅडमचं एमबीबीएस माहेरच्या नावाने, त्यामुळे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणीही माहेरच्याच नावाने. पॅन, बँक खातं, रबरी शिक्का, बाहेरची पाटी सगळं सासरच्या नावाने. आधारवर मधलं नाव नवऱ्याचं, पॅनवर मधलं नावच नाही. आपल्याकडे घरटी हे असतंच. पण पोर्टलवर डॉक्टरची माहिती भरताना नोंदणी क्रमांक आणि पॅन दोन्ही द्यावं लागतं, आणि दोन्हींवरचं नाव एकच हवं.

पहिली क्वेरी आली, ‘नावात तफावत, वैध पुरावा जोडा.’ लग्नाचा दाखला जोडला. क्वेरी बंद झाली. थोड्या दिवसांनी तीच क्वेरी, तेच वाक्य, पुन्हा उघडली. कॉल सेंटरला विचारलं तर, ‘मॅम, फाइल प्रोव्हायडर टीमकडे आहे.’ प्रोव्हायडर टीमला फोन नंबर नाही, फक्त मेल. मेलला उत्तर म्हणून तिकीट नंबर. तिकीट आपोआप ‘रिझॉल्व्ह्ड’. पोर्टलवर मात्र ‘अंडर रिव्ह्यू’. शेवटी वैतागून नोटरीकडचं प्रतिज्ञापत्रही चढवलं, तर ते म्हणे ‘अस्पष्ट’. मोठ्या आकारात स्कॅन केलं तर पोर्टल फाइलच घेईना.

खरी चीड याची की बाई खरोखर डॉक्टर आहेत का, अशी शंका कुणालाच नव्हती. दुसऱ्या दोन कंपन्यांच्या यादीत त्या आधीपासून आहेत. तिथे लग्नाच्या दाखल्यावर काम झालं होतं. मी हे लिहून कळवलं, तर ‘आमची पॉलिसी वेगळी आहे.’ आणि ते खोटंही नाही. 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, एक सामाईक चौकट घातली होती: रोहिणी या हॉस्पिटलांच्या नोंदवहीत नाव हवं, आणि ठरावीक मुदतीत एनएबीएचचं प्रवेशस्तरीय प्रमाणपत्र किंवा एनक्वास, म्हणजे दर्जाची प्रमाणपत्रं. जुलै 2022 मध्ये निकष ठरवायची मोकळीक कंपन्यांच्या संचालक मंडळांना मिळाली. लहान हॉस्पिटलांना दार उघडलं हे खरं, पण दर दारावर वेगळा पहारेकरी.

शेवटी पुरावे जोडत बसण्यापेक्षा मूळ नोंदच बदलायची ठरवली. नावबदल राजपत्रात छापून घेतला आणि तो लग्नाच्या दाखल्यासह कौन्सिलकडे दिला. फॉर्मवर सही करताना मॅडम म्हणाल्या, ‘अगं, अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केली मी, आणि आता मी मीच आहे हे छापून आणायचं?’ पण कौन्सिलच्या नोंदीत नाव बदललं आणि पोर्टलवरची क्वेरी लगेच मिटली. नवीन लग्न झालेल्या डॉक्टरणी कुणाच्या ओळखीत असतील तर त्यांना सांगा: एक तर सगळीकडे माहेरचंच नाव ठेवा, नाहीतर कौन्सिलपासून सुरुवात करून सगळीकडे बदला. मधलं काही करू नका.

हो, आणि कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, त्याला वैद्यकीय परिषदा-व्याख्यानांना हजेरीचे क्रेडिट पॉइंट लागतात. मुदत संपत आली असेल तर आधी ते करून घ्या, नाहीतर नावाची क्वेरी मिटेपर्यंत तारखेची उभी राहते.

मंजुरीचा मेल आला तेव्हा मी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. ते जरा लवकरच झालं. पहिली पेशंट आली, ठरवलेलं सिझेरियन. सासरे प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड, आधार, जुने रिपोर्ट नीट घडी करून घेऊन काउंटरला उभे. आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा असतो. दिला की! नकाराचा. कारण, ‘ट्रीटिंग डॉक्टर नॉट मॅप्ड.’ कंपनीने मॅडमना मंजूर केलं होतं, पण कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या टीपीए या त्रयस्थ संस्थेच्या डॉक्टरांच्या यादीत त्यांचं नाव चढलंच नव्हतं. मंजुरीचा मेल टीपीएला पाठवला, कंपनीच्या रिलेशनशिप मॅनेजरला फोनवर धरून ठेवलं, तेव्हा संध्याकाळी होकार आला. तोवर सासऱ्यांनी डिपॉझिट भरलं होतं. ते परत केलं.

म्हणून मंजुरी आली की थांबू नका. टीपीएकडे डॉक्टर मॅप झाल्याचं आणि कोणत्या तारखेपासून, हे लेखी मागा.

काही जण विचारतात की जानेवारी 2024 पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ आहे, म्हणजे यादीत नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस मिळतं, मग हा खटाटोप कशाला? त्यात ठरवलेल्या भरतीची सूचना पेशंटने 48 तास आधी कंपनीला द्यायची असते. आमच्याकडे लोक कळा सुरू झाल्यावर कार्ड शोधतात. इमर्जन्सीत भरतीनंतर 48 तास मिळतात, पण तेही नातेवाइकांच्या लक्षात राहिलं पाहिजे.

खाटांचं राहिलंच. 10 लाखांच्या आत लोकवस्ती असलेल्या गावात 10 खाटा पुरतात, मोठ्या शहरात 15 लागतात. आमच्या 12, तेव्हा तिथे प्रश्न नव्हता. पण नर्सिंग होमच्या दाखल्यावरचा, बायोमेडिकल वेस्टच्या परवानगीवरचा आणि रोहिणीतला खाटांचा आकडा एकच आहे ना, हे तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

आमचा नर्सिंग होमचा दाखला तीन वर्षांचा, येत्या मार्चअखेर संपतोय. नवा हातात आला की प्रत्येक कंपनीला आणि प्रत्येक टीपीएला वेगळा मेल जाणार आहे. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळतं, यावर माझा आता विश्वास नाही.