टेलगेटचा नाश्ता आपल्याकडे

आज मिशिगन युनिव्हर्सिटीचा फुटबॉल गेम दुपारी १२ ला, म्हणजे टेलगेट (गेमआधी पार्किंगमध्ये गाड्यांपाशी जमणारी खाण्यापिण्याची पार्टी) सकाळी आठलाच, मग आमच्या ओट्यावर पहाटेपासून नुसता धिंगाणा. बर्गर-सॉसेजवाले बाकीचे असतात, नाश्ता मात्र आपल्याकडे. कांदा मिरची हळद घालून अंडा भुर्जी केली, जरा ओलसरच उतरवली कारण फॉइलमध्ये ती वाफेवर अजून शिजते, उकडलेला बटाटा कुस्करून टाकला आणि टॉर्टियात (मेक्सिकन पोळीत) गुंडाळून बरिटो केले, वरून फॉइल. कूलरमध्ये आधी कडकडीत पाणी ओतून झाकण लावून ठेवायचं, मग ते फेकून टॉवेल अंथरून आत बरिटो रचायचे, मस्त गरम राहतात. कूलर काय फक्त बिअरसाठीच असतो का!

स्टेडियमजवळच्या पायोनियर हायस्कूलच्या पार्किंगमध्ये डिकी उघडली तर शेजारच्या टेंटमधले पिवळी-निळी टोपी घातलेले आजोबा वास घेत हजर, स्पायसी आहे का म्हणे. थोडंसं, म्हटलं (साफ खोटं). कान लाल झाले, नाक पुसलं आणि दुसरा मागितला!

पोहेपण नेलेले पण उघड्यावर वाऱ्यात लगेच वातड होतात, टेलगेटला पोह्यांच्या नादी लागू नका. आल्याचा चहा मात्र थर्मासभर न्याच, १,०७,६०१ सीटांचं स्टेडियम आहे, आत चहा मागायला कुठे जाणार.