पत्ता 127.0.0.1

संगीत ऐकवणारा माझा छोटा सर्व्हर 8000 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारावर, इतके दिवस उघड्यावरच, कूटबद्ध न करता, बोलत असे. त्याच्यापुढे स्टनेल हा कूटबद्ध बोगदा उभारणारा प्रोग्राम बसवला, तो बाहेरून 443 वर येणारी कूटबद्ध जोडणी घेतो, दारातच ती उलगडतो आणि आतल्या सर्व्हरच्या हाती साधी करून देतो. कॉन्फिग फायलीत ‘अ‍ॅक्सेप्ट’ आणि ‘कनेक्ट’ या दोन ओळी (जोडणी कुठे घ्यायची आणि कुठे द्यायची) व सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची जागा लिहिली, फायरवॉलमध्ये 8000 बाहेरच्यांसाठी बंद केले आणि सर्व्हरचे पान ब्राउझरमध्ये कुलपाच्या चिन्हासह उघडल्यावर काम फत्ते झाले असे समजून मोकळा झालो. प्लेअरमध्ये मात्र गाणे वाजेना. ते गोल चक्र नुसते फिरत राही.

संशय अर्थातच नव्या माणसावर, म्हणजे स्टनेलवर. प्रमाणपत्राची साखळी पुन्हा जुळवली, खासगी किल्लीच्या परवानग्या तपासल्या आणि लॉगची, म्हणजे स्टनेलच्या नोंदींची, पातळी 5 वरून 7 वर नेली. त्यानंतर लॉग इतका बोलका झाला की वाचता वाचता संध्याकाळ सरली. पान उघडले की हँडशेक, म्हणजे कूटबद्ध जोडणीची सुरुवातीची ओळख, यशस्वी झाल्याच्या ओळी धावत येत. प्लेअरने प्लेलिस्ट, म्हणजे गाण्याचा पत्ता सांगणारी छोटी फाइल, मागितली की आणखी काही येत. पुढे सगळे चिडीचूप. गाण्यासाठीची मागणी बोगद्याच्या तोंडाशी येतच नव्हती, आणि मी मात्र बोगद्यातच बॅटरी घेऊन फिरत होतो.

शेवटी प्लेलिस्ट साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. तीत जेमतेम एक ओळ होती: सुरुवातीला ‘एचटीटीपी’, त्यापुढचा ‘एस’ गायब, आणि सर्व्हरच्या नावापुढे अपूर्णविराम देऊन 8000. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये हा पत्ता पूर्वी मीच लिहिला होता आणि आपल्यापुढे आता कोणी उभे आहे याची त्याला गंधवार्ताही नसल्यामुळे तो येणाऱ्या प्रत्येकाला इमानेइतबारे बंद दाराकडे पाठवत होता. त्या दारावर स्पष्ट नकार मिळाला असता तरी प्लेअरने लगेच तक्रार केली असती. पण माझी फायरवॉल नको असलेले पॅकेट मुकाट्याने टाकून देते, म्हणून प्लेअर बिचारा ताटकळत राही. स्टनेल कूट उलगडतो, पण बंद पाकीट पोचवणाऱ्या टपालवाल्यासारखा आतला मजकूर काय सांगतो ते पाहत नाही. त्याच्याकडून ही चूक दुरुस्त होण्याची अपेक्षा करणेच गैर होते.

पत्ता बदलला आणि काही सेकंदांत तंबोरा ऐकू आला.

जोडणी बोगद्यातून, म्हणजे त्याच यंत्रावरून येत असल्यामुळे सर्व्हरला आता प्रत्येक श्रोता घरचाच वाटतो. प्रॉक्सी प्रोटोकॉल नावाची पद्धत वापरली तर स्टनेल श्रोत्याचा मूळ पत्ता पुढे कळवू शकतो, पण ती पद्धत समजण्याची सोय माझ्या सर्व्हरमध्ये नाही. काल रात्री यादीत तीन श्रोते दिसत होते. त्यांतला एक मीच, फोनवरून तपासणी करणारा. तिघांचाही पत्ता यंत्राचा स्वतःचाच, 127.0.0.1.